माशी नव्हे, मी

मी दुसरीत असताना शिंकलो आणि आमच्या घराण्याचा इतिहास बदलला, असं आईचं ठाम मत आहे. अण्णा वरणगावहून जळगावला एका नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते. हातावर दही पडलं होतं, एक पाय उंबऱ्याबाहेर होता, आणि मी शिंकलो. अण्णा परत फिरले, पाटावर बसले, गूळ खाल्ला, पाणी प्याले. तेवढ्यात एस.टी. गेली. नोकरी दुसऱ्याला लागली आणि अण्णा निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिले. कोणी हळहळून विचारलं, "एवढं जमत आलं होतं, माशी कुठे शिंकली हो?" की आई माझ्याकडे बोट दाखवायची, "माशी कसली, हा शिंकला!"

आता मी पडलो बी.कॉम. व्याकरणाशी आमचा संबंध चेकवरच्या अक्षरी रकमेपुरता. पण एकच आरोप इतकी वर्षं ऐकल्यावर माणूस वकील गाठतो. मी शब्दकोश गाठला. मोल्सवर्थसाहेबाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'शिंकणे' हे अकर्मक क्रियापद दिलं आहे. अकर्मक! कर्मच नाही, मग कर्माचं फळ कुठलं?

या शब्दाचं कुळही पाहून घेतलं. मूळ संस्कृत 'छिक्का'. हिंदीत त्याची 'छींक' झाली, आपल्याकडे 'शिंक'. हिंदीत जिथे 'छ' तिथे मराठीत बहुधा 'स' सापडतो: छुरी आणि सुरी, मछली आणि मासळी, पूछना आणि पुसणे. पुढे 'इ' आली की त्या 'स'चा 'श' होतो. ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडितानं मराठीच्या घडणीवरच्या १९२० सालच्या ग्रंथात असले बदल बारकाईनं तपासले आहेत. खरी शिंक 'आक्‌छी' करूनच येते; आपण तिच्यातला 'छ' काढून तिला सभ्य करून टाकली.

तिकडे युरोपातही हीच तऱ्हा. इंग्रजांच्या शिंकेच्या आरंभी पूर्वी 'फ्न' होता, त्याचा 'स्न' झाला. जर्मन आणि डच यांनी तर तोंडचं अक्षरच गाळलं आणि नुसतं 'नीझन' ठेवलं. जर्मनांची आणखी एक गंमत. 'शिंकलेला' याला त्यांचं जुनं रूप होतं 'गेनोसन', आणि 'उपभोगलेला' यालाही तेच! आता शिंकेपुरतं 'गेनीस्ट' म्हणतात. आमच्या आजोबांना हा घोटाळा वाटलाच नसता. ते तपकीर ओढत.

पण माझी खरी केस उभी राहिली ती बँकेत. शेजारच्या काउंटरवर कानपूरचे एक गृहस्थ होते. एकदा जुनी खाती झटकताना मी शिंकलो, तर ते म्हणाले, "किसने छींका?" मी दचकलो. 'किसने'! आपण 'त्याने आंबा खाल्ला' म्हणतो, पण 'त्याने शिंकलं' म्हणत नाही. 'तो शिंकला' म्हणतो. हिंदीत मात्र आंबा खाणाऱ्याला जो 'ने' लागतो, तोच शिंकणाऱ्यालाही: 'उसने छींका'. म्हणजे हिंदीत शिंक सरळ माणसाच्या नावे टाकतात. मराठीत तो बिचारा नुसता शिंकतो. शिवाय आपल्याकडे याहून सुरक्षित सोय आहे: 'मला शिंक आली'. ताप येतो, झोप येते, हसू येतं, तशी ती आली. मी फक्त जागेवर हजर होतो.

एवढी तयारी झाल्यावर मी संधीची वाट पाहत होतो. गेल्या नोव्हेंबरात अण्णा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर सही करायला निघाले. काठी हातात, एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि नेमकी तीच गोष्ट झाली.

अण्णा थबकले. "कोण शिंकलं?"

"कोणी नाही, अण्णा. मला शिंक आली," मी व्याकरणशुद्ध उत्तर दिलं.

अण्णांनी काठी भिंतीला टेकवली आणि पाटाकडे वळत म्हणाले, "आली आहे ना, मग तिलाही बस म्हणावं. आणि मला गुळाचा खडा आण."