उटीच्या फिल्मला पडलेले कुंपण

उटीच्या सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ‘इंदू’ फिल्मने परदेशच्या बाजारात कधी नाव का कमावले नाही, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: माल हलका होता. सरकारी कारखान्याबद्दल असे म्हटले की पुढे बोलायला कोणी उरत नाही. पण हिंदुस्तान फोटो फिल्म्स या कंपनीचा जन्म आणि अंत एकत्र वाचला तर वेगळेच दिसते. ‘इंदू’ देशाच्या सीमेत अडकली नव्हती, ती सीमेसाठीच निर्माण झाली होती. परकीय चलन वाचवणे हे तिचे काम, देशातली गरज भागवणे ही तिची मर्यादा आणि आयातीचे परवाने हे तिचे संरक्षण. फिल्म उत्तम की सुमार, हा प्रश्न या तिन्हींच्या नंतर येतो.

अशा कारखान्याची गरज कोणाला का वाटावी, हे समजायला मराठी माणसाला लांब जावे लागत नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर छिद्रे पाडण्याचे यंत्रही आणले, कारण कच्ची फिल्म छिद्रांविना येई आणि ती अंधारात इथेच पाडावी लागत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई ते काम करत. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पहिल्या कथापटात छिद्रे देशी होती आणि फिल्म परदेशी. पुढची पन्नास वर्षे हे चित्र फारसे पालटले नाही. कोल्हापूर-पुण्यात स्टुडिओ उभे राहिले, कॅमेरेसुद्धा घडवले गेले, पण चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली पट्टी मात्र बोटीनेच येत राहिली. दुसऱ्या महायुद्धात याचा अर्थ सगळ्यांना कळला. १९४३ मध्ये सरकारने कच्च्या फिल्मवर नियंत्रण आणले, बोलपटाची लांबी अकरा हजार फुटांवर बांधली, आणि कोणी चित्रपट काढावा हे परवान्यावर ठरू लागले. कथा केवढी असावी हे लेखकाऐवजी जहाजांच्या वाहतुकीने ठरवावे, असा तो काळ होता. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट थिएटरांत दाखवणे बंधनकारक झाले, इस्पितळांत एक्स-रे वाढले, गावोगावी फोटो स्टुडिओ निघाले. या सगळ्याला लागणारी पट्टी डॉलर-पौंड मोजून आणायची होती.

१९६० साली कंपनी स्थापन झाली ती याच हिशेबातून. तंत्रज्ञान फ्रान्सच्या बोशे या कंपनीकडून घेतले. कोडॅक किंवा आग्फाच्या तुलनेत ही लहानच कंपनी. जागा निवडली निलगिरीतली, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास, आणि ती निवड फिल्म काय चीज असते हे नीट ओळखून केलेली होती. जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून तो लेप अंधारात, एकसारख्या जाडीने पट्टीवर चढवायचा असतो. धुळीचा एक कण बसला तर पडद्यावर ठिपका येतो, उष्णतेने आणि दमट हवेने लेप बिघडतो. उटीची थंड, स्वच्छ हवा त्या कामाला योग्य होती. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर पावणेपाच रुपयांच्या आसपास होता तो साडेसात रुपयांना मिळू लागला, आणि पुढच्याच वर्षी कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. आयात पर्यायाचा युक्तिवाद त्या क्षणी जितका बिनतोड दिसला असेल तितका नंतर कधी दिसला नसावा. कृष्णधवल रोल, सिनेमाची फिल्म, एक्स-रे आणि ब्रोमाइड पेपर असा माल ‘इंदू’ नावाने निघू लागला.

आता या सीमेचा आकार नीट पाहायला हवा, कारण ती फक्त नकाशावरची नव्हती. देशाच्या आत ‘इंदू’ला खरी सोबत होती पूर्व जर्मनीच्या ऑरवोची. वोल्फेन गावच्या या कारखान्याचा माल रुपयातल्या व्यापार करारांमुळे भारतात येई. त्याला डॉलर लागत नसत, म्हणून तो परवडे. भारतीय माणसाच्या हातात कोणती फिल्म पडेल हे आवडीपेक्षा रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीवर अधिक ठरत होते. त्याच तिजोरीने आणखी एक सीमा घालून दिली, ती काळाची. जगात रंगीत फिल्म स्वस्त होत असताना आपल्याकडे कृष्णधवलचे आयुष्य लांबले. ‘पिंजरा’ १९७२ साली रंगात आला, तरी ‘सिंहासन’ १९७९ सालीसुद्धा कृष्णधवलच आहे. त्या चित्रपटाला तो पोत शोभतो हे खरे, पण त्या वर्षांतल्या सगळ्याच मराठी निर्मात्यांनी सौंदर्यदृष्टीने रंग नाकारला, असे मानायला मी तयार नाही. रंगीत कच्ची फिल्म महाग होती, दुर्मीळ होती. या लांबलेल्या कृष्णधवल काळातच उटीच्या कारखान्याचा जम बसला. त्याच्याकडे रंगीत फिल्मचे स्वतःचे तंत्र नव्हते. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, लग्नाचे अल्बम रंगीत झाले, आणि हा प्रदेश आक्रसू लागला. तेव्हा आयातीच्या भिंती शाबूत होत्या, पण आतली माणसे दुसरीकडे निघाली होती.

दर्जाचा आक्षेप इथे पुन्हा पुढे येतो, आणि तो टाळता येत नाही. ‘इंदू’च्या फिल्मबद्दल, पेपरबद्दल व्यावसायिकांच्या तक्रारी होत्या. पण जुने तंत्र किंवा उणा दर्जा एवढ्याने फिल्म घरी बसत नाही, याला युगोस्लाव्हियातून पुरावा आहे. झाग्रेबजवळच्या सामोबोरमधल्या फोटोकेमिका या लहान कारखान्याने १९७२ साली जर्मनीच्या आडॉक्स फिल्मची पन्नासच्या दशकातली सूत्रे आणि यंत्रे मिळवली आणि ‘एफके’ नावाने ती फिल्म पुढची चाळीस वर्षे काढली. तिचा लेप नाजूक होता, ओला असताना सहज ओरखडायचा. तरी युरोप-अमेरिकेतले शौकीन तो रोल मुद्दाम मागवत, कारण त्यांना तो जुना पोतच हवा होता. गिऱ्हाईक निवडायला मोकळे असेल तर दोषसुद्धा खपतात. उटीचे गिऱ्हाईक मोकळे नव्हते. परवाना आणि शुल्क यांमुळे जो आपल्याकडे येणारच आहे, त्याची तक्रार कारखान्याला ऐकू येण्याची शक्यता कमी. तेव्हा हलका दर्जा हे कुंपणाचे कारण नसून बऱ्याच अंशी त्याचे फळ होते.

दुसरा आक्षेप अधिक सोपा आहे: फिल्म डिजिटलने मारली, उटीचे वेगळे काय? तारखा पाहिल्या की हा मुद्दा उभा राहत नाही. इंग्लंडची इलफर्ड २००४ साली संकटात सापडली, आग्फाफोटो २००५ साली बुडाली. हे डिजिटलचे बळी. हिंदुस्तान फोटो फिल्म्स मात्र १९९६ च्या सुमारासच आजारी उद्योग ठरली होती, जेव्हा आपल्या फोटो स्टुडिओंत डिजिटल कॅमेरा कोणी पाहिलाही नव्हता. १९९१ नंतर आयातशुल्क उतरत गेले आणि त्याच सुमारास ड्यू पाँटच्या तंत्रावर पॉलिएस्टर एक्स-रे फिल्मचा मोठा, कर्जाने उभारलेला प्रकल्प गळ्यात पडला. तो आखताना गृहीत होते की देशातल्या इस्पितळांची मागणी आपलीच आहे. ऑरवोची गतही याहून निराळी नव्हती. बर्लिनची भिंत पडल्यावर रुपया-रुबलचे हक्काचे बाजार गेले, आणि वोल्फेनचे फिल्म उत्पादन १९९४ साली थांबले. ज्या कारखान्याने १९३६ साली आग्फाकलर दिले, त्याच्याकडे तंत्र नव्हते असे कोण म्हणेल? त्याच्याकडे नव्हते ते आपखुशीने आलेले गिऱ्हाईक.

कुंपण नसते तर हा कारखाना जन्मलाच नसता, असा तिसरा आक्षेप घेता येतो. तो मला मान्य आहे. साठच्या दशकात कोडॅकशी उघड्या बाजारात टक्कर देऊन भारतात फिल्म काढणे कोणालाच शक्य नव्हते. प्रश्न पुढचा आहे: जन्माची अट किती काळ जगण्याची अट राहू द्यायची? चेक देशातला फोमा हा १९२१ पासूनचा कारखाना समाजवादी राजवटीत सरकारीच होता. ती राजवट गेल्यावर त्याने स्वस्त कृष्णधवल रोल आणि पेपर घेऊन जगभरच्या डार्करूम गाठल्या, आणि तो आजही चालू आहे. बाहेर विकणे म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. फोटोकेमिका २०१२ साली बंद पडली ती मोडलेल्या यंत्राची दुरुस्ती परवडेना म्हणून.

उटीचा कारखाना बंद करण्याला केंद्र सरकारने मंजुरी दिली ते वर्ष २०१४. त्याच वर्षी इटलीच्या लिगुरिया प्रांतात, फेर्रानिया या जुन्या फिल्म-गावात, बंद कारखान्यातली यंत्रे वाचवण्यासाठी लोकवर्गणी गोळा झाली आणि तीन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. २०१७ मध्ये त्यांची पी-३० ही कृष्णधवल फिल्म थोड्या थोड्या प्रमाणात बाहेर पडू लागली. सगळीकडे ती मिळत नसे, पण हवी असणारी माणसे कोणत्याही देशात असली तरी वाट पाहायला तयार होती. उटीच्या कारखान्याची यंत्रे अशा विखुरलेल्या मागणीसाठी नव्हती. त्यांचे माप एका अख्ख्या देशाची इस्पितळे आणि थिएटरे धरून काढलेले होते, आणि त्या मापाहून कमी माल काढून ती चालवणे परवडणारे नव्हते.