सकळ लिपी ते संगणकाचे कुलूप

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात पुस्तके घ्यायला आलेल्या शिक्षकाच्या खिशात हल्ली पेन ड्राइव्हही असतो. त्यात सहामाहीची प्रश्नपत्रिका, मुलांचे गुण, आधार क्रमांक असे बरेच काही साठवलेले असते. तो गर्दीत पडला, तर सापडेल त्याला सारे वाचता येईल. म्हणून फायली सांकेतिक रूपात ठेवाव्यात हे खरे. पण त्यासाठी साधन कोणते निवडावे? उत्तर शोधण्यासाठी आपण येथून सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणपासून सुरुवात करू.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे वास्तव्य पैठणला होते. त्यांच्या आठवणींचा ग्रंथ, लीळाचरित्र, म्हाइंभटांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केला. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशी त्यांची नावे. सर्वांत प्रसिद्ध ती सकळ लिपी. परंपरा तिचे श्रेय रवळोबासांना देते. तत्त्व साधे होते : नेहमीच्या अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे.

या पद्धतीत एक उणीव आहे. अक्षर बदलले तरी ते किती वेळा येते हे बदलत नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने हेच ओळखून गुप्तलेख उकलण्याची रीत लिहून ठेवली होती. वर्गात मुलांना मराठी उताऱ्यातली अक्षरे मोजायला सांगा. काही मोजकीच अक्षरे पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि शतकानुशतके पंथाबाहेर अज्ञात राहिलेले वाङ्मय अभ्यासकांपुढे आले. १९३६-३७ मध्ये ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून प्रसिद्ध केले. येथे लक्षात घ्यायचे ते हे की, रीत एकदा उघड झाली की त्या लिपीतली सारी पोथ्यांची कपाटे एकदम उघडतात.

ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच यावर नियम सांगितला होता : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावे; गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आजची एईएस ही पद्धत याच विचाराची आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले. १५ पद्धतींची उघड परीक्षा झाली आणि डेमन व राइमेन या बेल्जियन संशोधकांची पद्धत २००१ मध्ये मानक ठरली. तिची कृती कोणालाही वाचता येते.

निवडीची पहिली कसोटी यातूनच मिळते. ‘आमची पद्धत गुप्त आहे’ अशी जाहिरात करणारे साधन टाळावे. व्हेराक्रिप्टचा मूळ संकेत खुला आहे आणि २०१६ मध्ये त्याची स्वतंत्र तपासणीही झाली. ज्या ट्रूक्रिप्टवरून ते तयार झाले, त्याचे काम कर्त्यांनी २०१४ मध्ये थांबवले. म्हणून साधनाची देखभाल चालू आहे ना, ही दुसरी कसोटी. सेव्हन-झिपमध्ये एईएस मिळते. मात्र झिपची जुनी पद्धत निवडू नये. तिच्यातील दोष बिहॅम व कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवला होता.

तिसरी कसोटी आपल्यालाच लागू पडते. इंग्रजीच्या ८ लहान अक्षरांचे शब्द होतात २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,९०० कोटी. सेकंदाला १०० कोटी शब्द तपासणारे यंत्र ते साडेतीन मिनिटांत संपवील. आता ७,७७६ शब्दांची यादी घ्या. पाच फासे टाकून त्यातला एक शब्द निवडा आणि असे सहा शब्द जोडा. त्याच यंत्राला सर्व शक्यता तपासायला सुमारे ७० लाख वर्षे लागतील. शब्द फाशांनीच निवडावेत. आवडत्या ओळी किंवा मुलांची नावे घेतली तर हा हिशेब लागू पडत नाही.

सकळ लिपीची किल्ली हरवली तरी राजवाड्यांसारखा अभ्यासक ती पुन्हा शोधू शकला. एईएसच्या बाबतीत ही आशा ठेवता येत नाही. परवलीचे शब्द विसरलात, तर दहावीचे गुण तुमच्याही हाती येणार नाहीत. तेव्हा ते शब्द कागदावर लिहून, पाकीट बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावे, असे आम्ही सुचवतो. ते पाकीट पेन ड्राइव्हबरोबर मात्र ठेवू नये.