मोड आणि घडणावळ

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीकडे पाहणाऱ्यांनी आजवर बहुधा तेथील हस्तकौशल्याचेच कौतुक केले आहे, आणि ते कौतुक अस्थानी होते असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या आळीतून निघालेला हंडा, घागर किंवा बंब घरात आल्यानंतर त्या घराच्या जमाखर्चात कोणते स्थान मिळवीत असे, याची चौकशी मात्र फारशी झालेली नाही. द्रव्य वाया जाऊ न देणारी, सरपण आणि पाणी जपून वापरणारी जी राहणी आज आपण प्रयत्नपूर्वक शिकू पाहतो आहोत, ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत कोणत्याही व्रताशिवाय नांदत होती. आणि तिचे कारण त्यांच्या अंगच्या सद्गुणांत जितके होते, त्याहून अधिक ते भांड्यांच्या व्यापाराच्या रीतीत होते, असे माझे मत आहे.

पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन पुण्यात स्थिरावलेल्या तांबटांच्या घराण्यांनी ज्या धातूवर आपला संसार उभा केला, तो धातू महाराष्ट्राच्या भूमीत मुबलक नव्हता. सतराव्या आणि अठराव्या शतकांत हिंदुस्थानच्या बंदरांत उतरणारे पुष्कळसे तांबे डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जपानहून येत असे, आणि कल्हईसाठी लागणारे कथील मलाया व बंका या पूर्वेकडील मुलखांतून येई. समुद्र ओलांडून, बंदरावर जकात भरून, पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढून आलेल्या या द्रव्याची किंमत प्रत्येकाला ठाऊक होती. शिवछत्रपतींच्या काळापासून चालत आलेली शिवराई हे तांब्याचेच नाणे, आणि घरातील तांब्या व कनवटीची शिवराई यांत द्रव्याच्या दृष्टीने भेद नव्हता. एक पाणी पिण्याच्या उपयोगी पडे आणि दुसरी बाजारात चाले, इतकेच. भांडे म्हणजे खर्च झालेला पैसा नव्हे, तर आकार बदलून घरात राहिलेला पैसा, ही समजूत त्या काळच्या गृहिणीला कोणी शिकवावी लागली नाही.

व्यापाराची रीत अशी असे. भांडे वजनावर विकले जाई आणि त्याच्या किमतीचे दोन भाग पडत : पहिला धातूचा, तो त्या दिवशीच्या भावाप्रमाणे, दुसरा घडणावळीचा, म्हणजे कारागिराच्या मजुरीचा. वीस-पंचवीस वर्षांनी बूड झिजून हंडा निकामी झाला म्हणजे तो पुन्हा त्याच पेठेत नेऊन काट्यावर ठेवायचा. दुकानदार कल्हईची आणि डागाची घट धरून मोडीचा, म्हणजे जुन्या भांड्याच्या धातूचा, भाव देई, तो नव्या हंड्याच्या किमतीत वळता होई, आणि गिऱ्हाइकाला उरलेला फरक व घडणावळ तेवढी रोख द्यावी लागे. समजा, पाच शेरांचा हंडा घासून घासून साडेचार शेरांवर आला, तर एका पिढीच्या वापराची धातूतली झीज अर्धा शेरच. बाकीचे साडेचार शेर जसेच्या तसे पुढच्या हंड्यात जात. तांब्याचा गुण असा की ते कितीही वेळा वितळविले तरी त्याचा कस उतरत नाही, आणि खाणीतून नवे तांबे काढून शुद्ध करण्यास जे इंधन लागते त्याच्या मानाने जुने वितळविण्यास फारच थोडे पुरते. मुंबईत पायधुणीजवळ जो भाग आजही तांबाकाटा म्हणून ओळखला जातो, त्याच्या नावातच हा सारा व्यवहार नोंदलेला आहे.

माझ्या पाहण्यात एका वाड्यातला असा एक हंडा आहे, की जो नुसता उलटा करून ठेवला तरी त्याचा सारा इतिहास वाचता येतो. त्याचे पोट आणि बूड ही दोन स्वतंत्र पत्र्यांची असून, एका पत्र्याच्या कडेला करवतीसारखे दाते पाडून ते दुसऱ्याच्या कडेत गुंतविलेले आहेत आणि वरून टाकणखार लावून पितळेच्या डागाने तो सांधा पक्का केला आहे; ती पिवळसर नागमोडी रेषा तांबूस पृष्ठभागावर सहज दिसते. बुडाचा रंग पोटाहून किंचित उजळ आहे, कारण ते मागाहून बदललेले आहे. कुशीला रुपयाएवढे एक ठिगळ आहे. गळ्याखाली बारीक टिंबांनी कोरलेले देणाऱ्याचे नाव आणि शके आहे, तेही घासण्याने निम्मे पुसट झालेले. आणि या सर्वांवर मठारकामाचे, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने दिलेल्या घावांचे, चमकते ठसे आहेत. हे ठसे शोभेसाठी आहेत असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या घावांनी मऊ तांबे कठीण होते, आणि पातळ पत्र्याचे भांडे पोचे न पडता दीर्घकाळ टिकते. कमी धातूत अधिक टिकाऊपणा साधण्याची ही विद्या तांबटांनी हजारो घावांच्या मोलाने मिळविली होती.

स्वयंपाकाच्या भांड्यांचे आयुष्य कल्हईवाल्याच्या हाती असे. ताक, चिंच, आमसूल यांचा तांब्यापितळेशी संबंध आला की पदार्थ कळकतो आणि पोटात गेल्यास अपाय करतो; म्हणून वर्षातून दोन-तीनदा पातेली आणि तपेली आळीच्या तोंडाशी बसलेल्या कल्हईवाल्यापुढे मांडली जात. जमिनीत लहानसा खळगा, त्यात कोळसा, बाजूला कातड्याचा भाता, एवढाच त्याचा सरंजाम. मोठ्या भांड्यात तो वाळू व चिंधी टाकून स्वतः पायांवर उभा राहून अंग वळवीत वळवीत आतला भाग घाशी. मग भांडे विस्तवावर तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकी, त्याचा पांढरा धूर नाकाला झोंबत वर येई, तोच कथलाची कांडी आत टेकवून वितळलेला थेंब कापसाच्या बोळ्याने सर्वांगावर फिरवी. क्षणात आतला भाग चांदीसारखा होई आणि चुर्र आवाज करीत भांडे पाण्यात बुडे. या सबंध विधीत फेकून देण्याजोगे काहीच निपजत नसे. चार आण्यांची कल्हई चार रुपयांच्या पातेल्याला पुन्हा नवे करी, आणि त्या दुरुस्तीवर एका कुटुंबाचा चरितार्थ चाले.

घासण्याचे साहित्यही घरचेच. बंबात शेणाच्या गोवऱ्या, करवंट्या, लाकडाचा भुसा, बागेतला पालापाचोळा असे जे दुसऱ्या कशाच्या कामी येणार नाही ते जळे. मधल्या नळीतल्या विस्तवाभोवती पाणी असल्यामुळे थोड्या जळणात घरच्या सगळ्यांच्या अंघोळी उरकत. बंबाची राख चाळून ठेवीत आणि तीच सकाळ-संध्याकाळ भांड्यांना लागे; आमटीतून निघालेला चिंचेचा चोथा आणि पिळून काढलेली आमसुले तांब्याचा काळपटपणा घालवीत; नारळाची शेंडी घासणीचे काम करी. खरकटे धुतलेले, राखेचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला सोडलेले असे. त्या पाण्यात झाडाला मारणारे काही नसे.

द्रव्य म्हणून भांड्याची जी पत होती तिचे प्रमाण कायद्याच्या पोथीतही सापडते. अडीअडचणीला घागर-परात सावकाराकडे तारण ठेवून पेरणीचे बी आणणे ही दख्खनमधल्या कुणब्याच्या घरची नित्याची गोष्ट होती, आणि कर्ज थकले म्हणजे बेलिफाची पहिली नजर चुलीकडेच जाई. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील साठाव्या कलमात ऋणकोचे आवश्यक कपडे आणि अंथरूण-पांघरूण यांच्या जोडीने स्वयंपाकाची भांडीही जप्तीतून वगळलेली आहेत. ज्या वस्तूला बाजारात मोल नाही तिला जप्तीपासून संरक्षण देण्याचे कायद्याला कारण पडत नाही. लेकीच्या आंदणात भांडी देण्यामागेही हाच विचार असे : सोने सासरच्या पेटीत जाऊन बसे, पण तिचे नाव कोरलेली कळशी रोज तिच्या कमरेवर असे, आणि वेळ आली तर तिची मोड तिला करता येई.

हे सारे लिहिताना त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गरिबाच्या घरी मातीची गाडगी-मडकी असत आणि तांब्याची एकच घागर कुटुंबाचे सर्वस्व असे. राखेने भांडी घासून बायकांच्या हातांची सालपटे निघत. बंबाचा आणि चुलीचा धूर त्यांच्याच डोळ्यांत जाई. तांबट आळीतला पहाटेपासूनचा ठोकाठोकीचा नाद ऐकणाऱ्याला दोन घटका गंमतीचा वाटे, परंतु त्यात जन्म काढणाऱ्या कारागिरांच्या कानांवर त्याचा परिणाम होत असे. आणि लबाड कल्हईवाला कथलात शिसे मिसळी तेव्हा काटकसर विषासमान ठरे. ही किंमत कोणी भरली हे विसरून त्या राहणीचा हिशेब पुरा होणार नाही.

रीत मोडली ती हळूहळू. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि विलायती यंत्रांत लाटलेले तांब्याचे पत्रे मुंबईहून पुण्यास स्वस्तात येऊ लागले. त्याने तांबटांचा धंदा बुडाला नाही, उलट वाढला. पुढे १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अॅल्युमिनियमची भांडी घडविण्यास आरंभ केला, आणि कल्हई न लागणारे हलके पातेले हळूहळू सामान्य माणसाच्या आटोक्यात आले. दुसऱ्या महायुद्धात तांबे-पितळ काडतुसांकडे वळले आणि स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईने ते महागच राहिले. याच सुमारास स्टेनलेसची भांडी आली. कल्हई नको, चिंच नको, घासण्याचे श्रम निम्मे. स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले यात नवल नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे हा अन्याय होईल. परंतु स्टेनलेसच्या डब्याच्या किमतीत धातूचा वाटा थोडा आणि कारखानदारीचा मोठा असल्यामुळे त्याची मोड नाममात्र येते. त्यानंतर आलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीला तर मोडच नाही. बोहारणीच्या टोपलीत हा सारा बदल स्पष्ट दिसला. जरीच्या जुन्या लुगड्यावर पूर्वी पितळेचे पातेले देणारी ती, नंतर स्टीलची ताटली आणि शेवटी प्लॅस्टिकचा टब देऊ लागली. परत विकता येत नाही ती वस्तू जपून वापरण्याचे कारण उरत नाही आणि दुरुस्त करण्याचे तर मुळीच नाही. तांबटाकडे, कल्हईवाल्याकडे, मोडीच्या दुकानाकडे जाणाऱ्या वाटा एकापाठोपाठ बंद पडल्या त्या याच कारणाने.

त्या सगळ्याच बंद पडल्या आहेत असे मात्र नाही. तांबट आळीत अजून काही घरांतून हातोडी चालते. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला आहे, आणि बंबांऐवजी पाण्याच्या लोट्यांना व शोभेच्या घंगाळांना मागणी अधिक आहे. पुण्या-मुंबईच्या आणि नाशिकच्या भांडीबाजारांत तांब्यापितळेची मोड आजही वजनावर घेतली जाते, आणि भाव विचारून, काटा स्वतः पाहून व्यवहार केला तर ती भंगारवाल्यापेक्षा बरी येते. ज्यांच्या माळ्यावर आजीचा हंडा किंवा परात पडून आहे त्यांनी ती विकण्यापूर्वी एकदा तांबटाला दाखवावी. बूड बदलणे, सांधा पक्का करणे, ठिगळ लावणे ही कामे करणारे हात अद्याप आहेत, आणि पोट शाबूत असेल तर नव्या हंड्याच्या किमतीच्या अल्पांशात जुना हंडा पाणी भरण्याजोगा होतो. स्वयंपाकाचे पातेले असेल तर कल्हई शुद्ध कथलाची आहे ना, एवढे विचारून घ्यावे.