अकारी दीपशिल्पे
हातकागद व विद्युत् प्रकाश यांच्या संयोगातून सिद्ध झालेला गृहशोभनातील जपानी दीपप्रकार. ‘अकारी’ म्हणजे प्रकाश. गिफू शहरातील परंपरागत कंदील-व्यवसायास नवसंजीवनी मिळावी, या हेतूने तेथील महापौरांनी केलेल्या विनंतीवरून अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची (१९०४–८८) यांनी १९५१ मध्ये त्याची निर्मिती आरंभिली. मेणबत्तीऐवजी त्यांनी विजेचा दिवा योजला; कारागिरी मात्र जुनीच राखली. लाकडी साच्याभोवती बांबूच्या बारीक कामट्या गुंडाळून त्यांवर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद चिकटवितात व तो वाळल्यावर आतील साचा सुटा करून काढतात. त्यामुळे दिव्याची घडी होते. कागदातून विखुरलेला प्रकाश सौम्य भासतो. १९८६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात नोगुचींनी हे दिवे शिल्पे म्हणूनच मांडले. नित्योपयोगी वस्तू व कलाकृती यांतील सीमारेषेविषयीचा प्रश्न त्यातून पुढे आला. त्या मांडणीचे शीर्षकही ‘शिल्प म्हणजे काय?’ असेच होते.