आखाची कुरकुर आणि ब्रेकची किंकाळी

जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांचा इतिहास सामान्यतः लेण्यांवरून, किल्ल्यांवरून आणि शिलालेखांवरून सांगितला जातो. तो उतारावरूनही सांगतां येईल. पठारावरचा माल कोंकणांत न्यावयाचा तर मध्यें सह्याद्रीचा कडा आडवा येतो. चढणें हा बळाचा प्रश्न आहे. उतरणें हा आवरण्याचा प्रश्न आहे, आणि आवरण्याची विद्या माणसाला फार सावकाश साधली. तिच्या मार्गांत एक जुनी, सवयीची समजूतच आड आली, हें या इतिहासांतील लक्षांत ठेवण्याजोगें प्रकरण होय.

सातवाहनांच्या काळीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं, जुन्नरचा व्यापार नाणेघाटानें कल्याणच्या बंदराकडे उतरत असे. घाटमाथ्यावरील लेण्यांत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. जवळच एक दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. ही वाट दगडी पायऱ्यांची आहे. म्हणजे ती पावलांची वाट होती, चाकांची नव्हे. लादलेला बैल आपलें ओझें आपल्याच खुरांनीं आवरी. जेथें चाक नाहीं, तेथें ब्रेकही नाहीं.

चाक होतें तें पठारावर, बैलगाडीला. गाडीवानाचें यंत्रशास्त्र थोडें, पण पक्कें होतें. चाक करकरूं लागलें कीं आख कोरडा पडला असें तो जाणी. गाडीखालीं टांगलेलें वंगण काढी, आखाला लावी, आणि आवाज बंद होई. कुरकुर म्हणजे कोरडेपणा, आणि कोरडेपणावर उपाय वंगण, हा धडा पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरत आला. म्हणूनच तो इतका खोल रुजला कीं, मोटार आल्यावरही सुटला नाहीं.

घाटांत चाकें उतरूं लागलीं तीं प्रथम याच डोंगररांगेंत, जुन्नरच्या दक्षिणेस. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला, आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. तेथील तीव्रतम चढ सदतीस फुटांस एक फूट असा होता. उतरणारी गाडी हाताबाहेर गेलीच, तर ती वळून एखाद्या चढावर जावी व तेथें तिचा वेग मरावा, म्हणून मुख्य मार्गालगत चढत्या बगलमार्गांची योजना केलेली होती. ब्रेकवर पूर्ण भरंवसा ठेवूं नये, हें ज्ञान त्या रुळांतच गोठवून ठेवलेलें होतें.

असाच प्रश्न इंग्लंडांतील डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखांत हर्बर्ट फ्रूड यांस पडला. तेथील गाडीवान उतारावर चाकाला दाबावयाच्या लाकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचें चामडें बांधीत, असें सांगतात. लांकडापेक्षां चामडें चाकाला अधिक घट्ट धरतें, ही त्यामागची युक्ति. फ्रूड यांनीं १८९७ च्या सुमारास याच विचारानें ब्रेकसाठीं खास अस्तरें करण्यास आरंभ केला, आणि त्यांतून फेरोडो ही कंपनी उभी राहिली. मोटारींत ज्याला ‘लायनर’ म्हणतात, त्याची कुळकथा अशी एका जुन्या बुटापर्यंत पोहोंचते.

१९०२ हें साल या इतिहासांत महत्त्वाचें आहे. फ्रान्समध्यें लुई रेनॉ यांनीं ड्रमच्या आंत शू फांकणारा ब्रेक पुढें आणला, आणि इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं डिस्क ब्रेकचें पेटंट घेतलें. लँचेस्टर यांच्या डिस्कवर तांब्याचे तुकडे दाबले जात. धातूवर धातू घासून त्यांतून असा कर्कश आवाज निघे कीं, ती कल्पना मागें पडण्यास तोही एक कारण झाला. पुढें अस्तरांत ॲस्बेस्टॉस आला आणि आवाज पुष्कळ निवाला; मात्र त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचें सिद्ध झाल्यावर अनेक देशांनीं तो वर्ज्य केला. जुन्या गाडीचा ड्रम उघडल्यावर आंतील धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी, या नियमाचें कारण हेंच.

ब्रेक किंचाळतो कां, याचा शास्त्रीय शोध इंग्लंडांत एच. आर. मिल्स यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत आढळतो. सारंगीचा गज तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि त्या धरसोडींतून स्वर निघतो. लायनर आणि ड्रम यांमध्येंही कांहींसें तसेंच घडतें. १९६१ च्या सुमारास आर. टी. स्पर यांनीं दाखविलें कीं, केवळ घर्षणाचा गुण नव्हे, तर तुकडा कोणत्या कोनांत टेकला आहे, यावरही कंप अवलंबून असतो. फळ्यावर खडू विशिष्ट कोनांत धरला कीं किंचाळतो, जरा कलता केला कीं गप्प होतो. तोच हा प्रकार. हा कंप सेकंदास हजारापासून दहा हजारांपर्यंत, कधीं त्याहूनही अधिक आंदोलनांचा असतो.

यावरून जुन्या धड्याचा दोष स्पष्ट होतो. आखाचें काम फिरणें; तेथें घर्षण हा शत्रु. ब्रेकचें काम थांबविणें; तेथें घर्षण हाच आधार. किंचाळणाऱ्या लायनरवर तेल सोडलें तर आवाज थांबेल खरा, पण गाडी थांबणार नाहीं. ब्रेकच्या दाबणाऱ्या पृष्ठभागास वंगणाचा थेंबही लागतां कामा नये. उष्णता सोसणारें खास वंगण लावावयाचें तें पॅडच्या पाठीस, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांस, आणि ड्रममध्यें शू जेथें मागील पत्र्यास टेकतो त्या ठिकाणीं. तेंही अगदीं थोडें.

तेव्हां आवाज ऐकून निदान करावें. पावसाळ्यांत माळशेजच्या धुक्यांत किंवा भीमाशंकराच्या झडींत रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं किंचाळते, तें डिस्कवर चढलेल्या पातळ गंजामुळें. चारदोन वेळां ब्रेक दाबल्यावर तो निघून जातो व त्यांत भय नाहीं. चालत्या गाडींत सतत बारीक शीळ येत असेल आणि ब्रेक दाबतांच ती बंद होत असेल, तर पुष्कळदां ती पॅड झिजल्याची सूचना असते. त्यासाठींच पॅडला एक लहान पोलादी जीभ जोडलेली असते. अशा वेळीं समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावे. हलकेंच दाबल्यावर आवाज येत असेल, तर अस्तर तापून त्यावर काचेसारखी झिलई आली आहे काय, पॅड सैल आहे काय, ड्रममध्यें धूळ सांचली आहे काय, तें पाहावें. झिलई थोडी असेल तर कानसपत्रीनें घासून निघते. लायनर तेलानें भिजला असेल, तर धुवून भागत नाहीं. गळती बुजवून तो बदलावाच लागतो. आणि खरखर, म्हणजे लोखंडावर लोखंड घासल्याचा जड आवाज आला, तर गाडी तेथेंच उभी करावी.

आतां उताराचा हिशेब. एक हजार किलो वजनाची मोटार सहाशें मीटर खालीं उतरते, तेव्हां जी शक्ति आवरावी लागते, तिनें सुमारें एकोणीस लिटर पाणी साध्या उष्णतेपासून उकळीपर्यंत येईल. ही सर्व उष्णता चार चाकांवर लादली, तर अस्तराची पकड सुटूं लागते. ओलावा शोषलेलें ब्रेक-ऑइल उकळतें आणि पेडल पोकळ होतें. त्या क्षणीं ब्रेक किंचाळेलच असें नाहीं. तो गप्पही असूं शकतो. म्हणूनच ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच गिअरमध्यें तो उतरावा, आणि इंजिनालाही आवरण्याच्या कामास लावावें.

आज ओतूर आणि नारायणगांव येथील कांदा, टोमॅटो व भाजीपाला माळशेजमार्गें कल्याण-मुंबईकडे उतरतो. दिशा नाणेघाटाचीच, वाहन मात्र निराळें. लादलेल्या बैलाला उतार स्वतःच्या खुरांत कळे. ट्रकला तो कळत नाहीं. चाकाच्या आवाजांतून तो चालकालाच ओळखावा लागतो. आवाज बुजविणें सोपें आहे. त्याचें कारण शोधून तें दूर करणें, एवढीच ब्रेकची खरी दुरुस्ती होय.