जॉन हेन्री लॉइड

ज्याची योग्यता समकालीनांस पुरती ठाऊक होती, त्यास अधिकृत मान्यता मात्र मरणोत्तर मिळावी, हा इतिहासाचा चमत्कारिक न्याय होय. अमेरिकेच्या बेसबॉल खेळांतील जॉन हेन्री लॉइड याचें चरित्र असेंच आहे. १८८४ सालीं फ्लॉरिडांतील पलाटका गांवीं जन्मलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू 'शॉर्टस्टॉप' होता. दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधील ही जागा मोठी जोखमीची. जमिनीसरशी येणारा चेंडू टिपून क्षणार्धांत फेकावा लागतो. लॉइड चेंडूबरोबर मातीही उचली, म्हणून क्यूबांतील लोकांनीं त्यास 'चमचा' हें नांव दिलें.

गोऱ्यांतील अग्रगण्य शॉर्टस्टॉप होनस वॅग्नर यानें लॉइडशीं तुलना होणें हा बहुमान मानला. तरीही वर्णभेदामुळें वॅग्नरच्या संघाचीं दारें लॉइडला बंदच राहिलीं. १९०६ पासून सुमारें पंचवीस वर्षें तो कृष्णवर्णीयांच्या संघांतूनच खेळला; पुढें अटलांटिक सिटींत त्यानें शाळेंत झाडलोटीची चाकरी केली. जॅकी रॉबिन्सन यानें १९४७ सालीं वर्णाची भिंत ओलांडली, तेव्हां लॉइडची साठी उलटली होती.

१९६४ सालीं तो वारला. १९७७ सालीं त्यास बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. १९२० ते १९४८ या काळांतील कृष्णवर्णीयांच्या सात लीगांस २०२० सालीं प्रथम श्रेणीचा दर्जा देण्यांत आला. ही दुरुस्ती योग्यच. परंतु जे सामने झालेच नाहींत ते कागदावर उभे करतां येत नाहींत. आमच्या मतें ही हानि एकट्या लॉइडची नव्हे. ज्यांनीं त्यास मैदानाबाहेर ठेविलें, त्यांचें श्रेष्ठत्वही कायमचें अर्धेंच सिद्ध राहिलें.