हेडर दोन, पोर्ट चार

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला. तेव्हा कॅबिनेटच्या दर्शनी बाजूला फारसं काही नसे. पुढच्या पंधराएक वर्षांत रिसेट, टर्बो, कुलूप, हार्ड डिस्कचा दिवा असं एकेक येत गेलं. प्रत्येकाची वायर सुटी, आणि ती मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवर, म्हणजे हेडरवर, खोचली की काम संपलं. लॅमिंग्टन रोडपासून बेळगाव-हुबळीपर्यंत कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्यांचा हात या कामावर बसला. रिसेटच्या त्याच दोन पिनांवर आणखी एक बटण जोडलं तरी दोन्ही बटणं चालत. ‘हेडर कमी आहेत, वायरी एकत्र करून द्या’ ही आजची मागणी त्या सवयीचीच आहे. पण १९९६ साली यूएसबी आली आणि त्या सवयीचा आधारच गेला. बटणाला फक्त संपर्क हवा असतो, यूएसबीला ओळख लागते.

पुराव्याला हेडरच पाहावा. यूएसबी २.० च्या हेडरला पाच-पाच पिनांच्या दोन ओळी, त्यातली नववी पिन मुद्दाम गाळलेली, म्हणजे प्लग उलटा बसू नये. हे ठरण्याआधी बोर्डाबोर्डाची मांडणी निराळी असे, आणि पाच व्होल्टची वायर चुकीच्या पिनेवर गेली की लावलेलं उपकरण जळायचं. एका हेडरवर दोन पोर्ट. प्रत्येकाला वीज, ग्राउंड आणि डेटाच्या दोन तारा. वीज आणि ग्राउंड वाटून घेता येतात, डेटाच्या तारा नाही. नवं उपकरण लागलं की ते आधी शून्य या पत्त्यावर उत्तर देतं, मग कॉम्प्युटर त्याला स्वतःचा पत्ता देतो. एकाच तारेवर दोन उपकरणं लावली तर शून्यावर दोघंही एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. एका पोर्टचे अनेक करणारा हब नवे पोर्ट एकेक करून उघडतो, म्हणून तिथे गोंधळ होत नाही.

नुसती टोकं जुळून भागत नाही, हे जोयडा तालुक्याने एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून घाट चढून आलेली रेल्वे याच तालुक्यातल्या कॅसलरॉकला सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. दोन्हीकडे मीटरगेजच, तेव्हा रुळांची अडचण नव्हती. तरीही इकडे कॅसलरॉकला आणि घाटाखाली कुळ्याला जकातीचं ठाणं लागलंच. माल कुणाचा आणि कुठे निघाला, हे रूळ सांगत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, बाजारात एका हेडरचे दोन करणाऱ्या केबली मिळतात आणि चालतातही. चालतात त्यांच्या पोटात हबची चिप असते. नसते त्यांतून फार तर मोबाइल चार्ज होईल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : कंपन्या कंजूषपणा करतात, दोन हेडर जास्त द्यायला काय जातं? इंटेलच्या १९९६च्या पीआयआयएक्स-३ चिपमध्ये यूएसबीचे पोर्ट दोनच होते, २००३च्या आयसीएच-५ मध्ये आठ झाले. म्हणजे मूळ पुरवठा वाढत गेला. पण त्यातले बरेचसे मागच्या पट्टीवर जातात, आणि उरलेल्यांवर अलीकडे आतलेच हक्क सांगू लागले : पाण्याच्या कूलरचा पंप, रंगीत दिव्यांचा कंट्रोलर, वाय-फाय कार्डावरचं ब्लूटूथ. कंजूषपणा थोडाफार असेलही, विशेषतः स्वस्त बोर्डांत. पण दर्शनी पोर्टांची जागा मुख्यतः या आतल्या मंडळींनी खाल्ली, असं मला वाटतं.

हबलाच तडजोड म्हणून हिणवणारेही आहेत. तसं म्हणणं इतिहासाला धरून नाही. यूएसबीचा पत्ता सात बिटांचा, शून्य सोडून १२७ उपकरणं. एवढी उपकरणं हबाविना लागणार कुठे? हब पहिल्या आराखड्यातच होता. त्याची खरी उणीव विजेची आणि वेगाची. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, आणि त्याचे ४८० मेगाबिट हबवरच्या सगळ्यांत वाटले जातात. म्हणून कॅबिनेटच्या आत बसणाऱ्या बऱ्याच हबांना पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते. कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह यांना एवढ्यात भागतं. बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी मात्र १९ पिनांचा यूएसबी ३.० हेडर राखून ठेवावा, आणि तो नसेल तर पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड घालावं.